सातेरीचा फाळका

गाडी घेणारा माणूस गाडीला पुढून बघतो. दिवे, काच, रंग, आणि लिंबू-मिरची कुठे टांगायची ती जागा. मी मागून बघतो. आमच्या घरात सोयरीक जमवायला गेलो तरी अंगणात उभी असलेली गाडी मी आधी मागून बघून येतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते. ते खरंच आहे. गाडीचा मालक काय खातो, कसा राहतो, कुठल्या गोष्टीची काळजी घेतो आणि कुठल्या गोष्टीकडे डोळेझाक करतो, हे सगळं मला तिच्या हौद्यात दिसतं.

मी हौदे बांधतो. पिकअप म्हणून जी लहान मालगाडी तुम्हाला रस्त्यावर दिसते, तिच्या ड्रायव्हरच्या पाठीमागचा जो माल भरायचा भाग, तो हौदा. त्याच्या उघडणाऱ्या बाजू म्हणजे फाळके. तुये गावात औद्योगिक वसाहतीकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझी पत्र्याची शेड आहे. माझे वडील लाकडाची कामं करायचे. जुन्या कारेरींची, म्हणजे लाकडी अंगाच्या त्या प्रवासी बसगाड्यांची, छपरं त्यांनी बांधली होती. मी लाकडावरून लोखंडावर आलो. तरी लोक वडिलांना म्हणायचे तसं मलाही ‘मेस्त’च म्हणतात. लोखंड कापणाऱ्याला सुताराचं नाव, पण मला ते आवडतं.

हौद्याचे प्रकार तसे थोडेच, वाद मात्र फार. एक कंपनीचा तयार हौदा. दाबून काढलेला पत्रा, गोलाई, रंगाला झळाळी. दिसायला राजबिंडा, पण चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात. म्हणजे फळांचे क्रेट मांडायला गेलात की दोन्ही बाजूंना दोन कासवं बसलेली. शिवाय तो उघडतो फक्त मागून. दुसरा सपाट हौदा, चाकांच्या वर पाटासारखा बसवलेला. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, कुठूनही भरा, कुठूनही काढा. कामाला यासारखा दुसरा नाही, पण उंचीला जास्त, आणि रूप म्हणाल तर चाकं लावलेला बाक. तिसरा पिंजरा, पाइपांच्या उंच बाजूंचा. गवत, बाटल्यांचे क्रेट, कोंबड्या, असा हलका आणि फुगणारा माल त्यात जातो. वळणावर मात्र तो लग्नात प्यालेल्या मामासारखा डोलतो. आणि चौथी बंद पेटी.

या बंद पेटीची एक गंमत सांगतो. पेडण्याकडचा एक पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, माझ्याकडे आला. सायकलीवरून पाव देण्याचे दिवस गेले, आता हॉटेलांना माल पोचवायचा, म्हणून त्याला पांढरीशुभ्र बंद पेटी हवी होती, दवाखान्याच्या गाडीसारखी. मी म्हटलं, “पाव गरम भरतलो मरे तू? घाम येतलो तेका.” तो म्हणाला, “पावाक खंयचो घाम, मेस्त!” दिली बांधून. आठवड्याभरात गाडी परत दारात. आतले उंडे, म्हणजे गोल पाव, ओल्या साबणासारखे झालेले, आणि पोदेराचा चेहराही तसाच. मग पेटीच्या वरच्या अंगाला झडपा कापल्या, आतून बांबूच्या चाळण्या लावल्या. रूप थोडं गेलं, पण पाव वाचला. अजून येता-जाता तो दोन उंडे शेडच्या दाराला टांगून जातो.

मोरजीचा एक गेस्टहाउसवाला तर त्याच्याही पुढचा. त्याने दोन ओळींत बसायला जागा असलेली मोठी, महाग पिकअप घेतली. मागे हौदा एवढासा, पण काय चकाकी! घेतली होती गाद्या, सिलिंडर आणि पाण्याचे कॅन आणायला. पण ओरखडा पडेल म्हणून त्यात तो काहीच ठेवू देईना. शेवटी गाद्या न्यायला त्याने माझ्याच जुन्या टेम्पोला बोलावलं, आणि स्वतः पुढे त्या गाडीतून रस्ता दाखवत गेला. वजन उचलायला घेतलेली गाडी वरातीतल्या नवरदेवासारखी पुढे आणि गाद्या माझ्याकडे. मी मनसोक्त हसलो. दोनेक वर्षांनी तो आला आणि आत रबराचा पत्रा बसवून घेतला. आता त्यात समुद्राची वाळू, ओले टॉवेल, सगळं असतं. म्हणजे तोही सुधारला.

रूप आणि काम यांत माणसाने कामच बघावं, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना ऐकवत आलो. ते माझं मत बदललं डिचोलीच्या एका जोडप्यामुळे. आज लिहायला बसलो आहे तो त्यांच्यासाठीच.

गुरुदास आणि शैला. गुरुदास खाणीवर स्वतःचा टिपर, म्हणजे हौदा उचलून मागून माल ओतणारा ट्रक, चालवायचा. डिचोलीत ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. खाणीतून धक्क्यापर्यंत ट्रकांची रांग, तांबडी धूळ, आणि ट्रकवाल्याची गावात असलेली पत. खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. गुरुदासच्या टिपरावर कारंद्याची वेल चढली. शेवटी त्याने तो भंगारात दिला आणि घराच्या सोप्यावर बसला, तो बसलाच. घर चाललं शैलावर. स्वतःच्या आणि शेजारच्या कुळागरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतली केळी, नारळ, तांबडी भाजी टोपल्यांत भरून ती बसने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने एक जुनी पिकअप बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, चालवायला तुम्ही नसाल तर मी घेणार नाही. गाडी केळ्यांसाठी कमी आणि त्याला सोप्यावरून उठवण्यासाठी जास्त, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

ती दोघं माझ्या शेडमध्ये आली तेव्हा बोलली शैलाच. “मेस्तानू, हौदो पुराय कुसला. नवो करून दियात.”

गुरुदास पत्र्याच्या थप्पीकडे बघत होता. “टिपराचो आशिल्लो तसो कर,” तो म्हणाला. “दाट पत्रो, उंच बाजू.”

“आनी भरतलो किते?” मी विचारलं.

शैला म्हणाली, “केळीं, नाल्ल, भाजी. आनी किते भरतलीं आमी?”

“तांबडे भाजयेक पिकअप घेतली म्हण लोकांक सांगूं नाका,” तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मला त्याचा राग आला नाही. डिचोलीचे ट्रकवाले सगळ्या गाड्या खनिजाच्या मापाने मोजतात. जाड पत्रा म्हणजे दणकट आणि दणकट म्हणजे चांगलं. पण गाडीने किती ओझं घ्यायचं हे ठरलेलं असतं. हौदाच जड केला तर तेवढा माल कमी होतो. आणि उंच बाजूवरून केळ्यांचा घड आत ठेवायचा म्हणजे तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर न्यावा लागतो. म्हणून मी टेप काढली आणि शैलाला गाडीशेजारी उभं केलं. जमिनीपासून तिचं कोपर, कोपरापासून खांदा, वाकून हात किती आत पोचतो ते सगळं माप घेतलं. माझी हीच पद्धत आहे. गाडीचं माप कागदावर असतंच, भरणाऱ्याचं कुठेही लिहिलेलं नसतं.

गुरुदास आत आला. “गाडी हांव चलयतलों. बायलेचें माप कित्याक घेता?”

“चलयतलो तूं. पूण भरतली कोण?”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी त्याने दोन्ही हातांनी उतरवलं. टिपर भंगारात देताना त्याने मागच्या फाळक्याचा एक पत्रा कापून ठेवून घेतला होता. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, ‘श्री देवी सातेरी प्रसन्न’, आणि दोन बाजूंना दोन कमळं. रंग ताजा वाटावा इतका पुसून ठेवलेला.

“हो फाटल्यान बसय,” तो गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवत म्हणाला. “बाकीचें तुका जाय तशें कर.”

मला बरं वाटलं. तडजोड झाली म्हणून मी खूश. सपाट हौदा, तिन्ही बाजूंना शैलाच्या कोपरापर्यंत येणारे बुटके फाळके, वर ताडपत्रीसाठी पाइपांच्या कमानी, आणि मागच्या फाळक्यावर सातेरीचा पत्रा. पत्रा रुंदीला जास्त होता. दोन्ही कमळं अर्धी कापावी लागली, तेव्हा गुरुदास कटरच्या ठिणग्या अंगावर येईपर्यंत जवळ उभा होता. नाव मात्र अख्खं बसलं. रूप असं आलं की शेजारचा वेल्डरसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आला.

आमच्याकडे नवा हौदा शेडबाहेर निघताना नारळ फोडून गाऱ्हाणं घालतात. मीच घालतो, माझा आवाज मोठा आहे. शैला हळदीकुंकू आणि केळ्यांचा एक घड घेऊन आली होती. पहिला माल म्हणून तो तिने स्वतः हौद्यात ठेवायचा, असं ठरलेलं. मी सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, आज ह्या गुरुदासान गाडी रस्त्यार काडल्यान हा. तेच्या वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर, येकाचे एकवीस कर म्हाराजा!” जमलेले सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणाले. नारळ फुटला. गुरुदासने कौतुकाने कड्या सोडल्या आणि मागचा फाळका खाली पाडला.

साखळ्यांवर फाळका आडवा झाला. पायरीसारखा. त्यावर पाय देऊन वर चढायचं, सगळ्या पिकअपना तसंच असतं. शैलाने घड कमरेवर घेतला, एक पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती वाकली आणि फाळक्याच्या खालून बघितलं. सातेरीचं नाव जमिनीकडे तोंड करून होतं.

“देवीर पांय कसो दिवप?” ती म्हणाली.

माझं आयुष्य फाळके बसवण्यात गेलं, आणि फाळका उघडल्यावर नाव कुठे जातं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तो फक्त बंद असताना बघत होतो. आम्ही तिघांनी मिळून देवीचं पायपुसणं करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

गुरुदासचा चेहरा मला अजून दिसतो. संताप आला असता तर बरं झालं असतं. तो विझल्यासारखा झाला. “काड तो फाळको,” तो म्हणाला. “म्हजें कितेंच नाका हातूंत. साधो लाय आनी दी तिका.” त्याने गाडीची चावी शैलाच्या हातात ठेवली आणि रस्त्याला लागला. शैला त्याच्यामागे गेली नाही. घड उराशी धरून ती माझ्या स्टुलावर बसली आणि रडली. “मेस्तानू, आज पयलेच फावट ते हांसताले,” ती म्हणाली. “आतां परत सोप्यार बसतले.”

मी तिला पाणी दिलं. नाव आतल्या बाजूला लावू म्हटलं, तर त्यावर माल घासणार. ड्रायव्हरच्या डोक्यावर लावू म्हटलं, तर ती मान हलवत म्हणाली, “तेंका तें फाटल्यानच जाय.” तिचं बरोबर होतं, त्याला ते मागेच हवं होतं. टिपरांच्या रांगेत प्रत्येकजण दिवसभर पुढच्याची पाठ बघत असतो. गुरुदासला सगळा तालुका ओळखायचा तो पाठीवरच्या त्या नावावरून. मला इतकी वर्षं वाटत होतं की रूप म्हणजे चमक. या माणसासाठी रूप म्हणजे त्याची ओळख होती, आणि मी तिला केळ्यांच्या मापात बसवत होतो.

गुरुदास बसथांब्यापर्यंत गेला होता. डिचोलीला जायचं तर आधी म्हापशाची बस धरावी लागते, आणि ती काही लवकर आली नाही. त्या बसचे आभार मी कसे मानू? तासाभराने तो परत आला. बायकोला न्यायला आलो असं तोंडाने म्हणाला, पण सरळ गाडीच्या मागे गेला. पाडलेल्या फाळक्याच्या बिजागऱ्या हाताने चाचपल्या. मग कमानींकडे वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मेस्त,” तो म्हणाला, “आमच्या टिपराचो फाळको वयल्यान उकतो जाता.”

“कसो?”

“बिजागऱ्यो वयर. सकयल कडी सोडली काय माल भायर. फाळको लोंबतो उरता. देवीचें नांव सदांच सुलट.” त्याने जमिनीवरच्या लोखंडाच्या किसात बोटाने रेघ मारली, वर बिजागरीचं एक टिंब, त्याला लोंबणारी तिरकी रेघ आणि तिच्या खालच्या टोकाला कडी. “हो हांगा वयर बसय. मागीर दांडो लावन उबारपाचो.”

मी त्या रेघेकडे बघितलं आणि डोळ्यांसमोर फाळका उभा राहिला. वरच्या आडव्या पाइपाला बिजागऱ्या, पत्रा त्याला टांगलेला. खालचा फाळका साधा, बिननावाचा, तो पाडला की पायरी होते आणि मालाचा ओटाही. वरचा पत्रा दांड्याने पुढे उचलून धरला की ती होते उन्हाची पडवी. तिरकी राहिली तर समोरून येणाऱ्याला नाव सरळ वाचता येतं. बंद केली की दोन्ही फळ्या जुळतात आणि रस्त्यावर मागच्या माणसाला सातेरीच दिसते.

“शैला,” मी हाक मारली, “उन्हात केळी काळी पडतत मां तुझी?”

“पडटात. दनपरांक अर्दीं जातात काळीं.”

“मगे हय ये आनी घोव काय म्हणता तां आयक.”

पुढचे दिवस गुरुदास रोज येत राहिला. बांधकाम माझं, पण दांडा किती लांब, कडी कुठे, वाऱ्याने पत्रा उलटू नये म्हणून अडकण कुठली, हे सगळं तो सांगायचा. टिपराचे फाळके त्याने हजारदा उघडले होते, हातांना ते पाठ होतं. मी त्याला म्हणायचो, मालक, जरा बाजूला सरा, वेल्डिंग मला येतं. तो सरायचा नाही. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं तेव्हा माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. शैलाने खालच्या साध्या फळीवर पाय दिला, आत चढली, घड ठेवला. वर सातेरी होती.

खरं सांगायचं तर आता माझ्याकडे काम कमी आहे. तयार हौद्याच्या गाड्या येतात, लोक किल्ली फिरवतात आणि जातात. माप घ्यायला थांबायची सवय मोडत चालली आहे, याची मला चुटपुट लागते. वडिलांनी बांधलेल्या कारेरींपैकी एकही कुठे उरलेली नाही, माझे हौदेही एक दिवस भंगारात जातील. पण मी निराश नाही. कारण कंपनीला केळी, पाव, बर्फ, गवत सगळं सारखंच दिसतं, आणि ते सारखं नसतं. कोणीतरी कोपराची उंची सांगायला येणारच.

मध्ये एका शुक्रवारी मी म्हापशाला गेलो. बाजार ओसंडत होता, गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. मी लांबूनच पिवळा पत्रा ओळखला. गर्दीच्या डोक्यांवर तिरका उचललेला, लाल अक्षरं उन्हात. खाली सावलीत रसबाळी केळ्यांचे घड, नारळांची रास, ओल्या फडक्याखाली भाजीच्या जुड्या. शैला खुर्चीवर बसून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. गाडीभोवती दोन माणसं उभी होती. बोलण्यावरून तीही खाणीवरची असावीत. एकजण दांडा खालीवर करून बघत होता आणि विचारत होता की हे बांधलं कुणी. गुरुदास फळीवर उभा राहून घड उतरवत होता, अंगात सदरा नाही, घामाने निथळलेला. तो त्यांना बिजागऱ्यांचं काहीतरी समजावून सांगत होता, अधूनमधून केळ्यांचा भावही सांगत होता, मोठ्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

मी मुद्दाम गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि तिला पुढून बघू लागलो. म्हटलं, बघू ओळखतो का. त्याने ताडपत्रीच्या कडेने डोकं बाहेर काढलं आणि ओरडला.

“मेस्त! फुडल्यान किते पळयता? फाटल्यान यो!”